एका बाजूचा घास

माझी खालची कवळी चहाच्या कपात पडली ती नेमकी लेकीच्या डोळ्यांदेखत. लेक परदेशात असते आणि दर रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर येते. "बाबा, तुम्ही हल्ली बोलतच नाही. सगळ्याला नुसतं हं हं करता," असं ती म्हणत होती. त्यावर सविस्तर खुलासा करावा म्हणून मी तोंड उघडलं, आणि खुलाशाच्या आधी कवळी बाहेर आली. तिने फारसा आवाज केला नाही. पण चहा उडून चष्म्यावर बसला आणि पुढचा काही वेळ मला लेक तपकिरी दिसत होती.

ती हसली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. ती गप्प झाली. आमच्या घरातल्या बायका गप्प झाल्या की पुरुषांना काहीतरी करून घ्यावं लागतं, असा माझा अनुभव आहे.

खरं तर बोलणं हा माझा पेशा. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर होतो. पाणी आलं नाही म्हणून संतापलेल्या माणसाशी मी इतकं गोड आणि इतकं लांबलचक बोलायचो, की शेवटी तो तहान विसरायचा. निवृत्तीनंतर माझ्या घरात बोलण्याचं काम बायकोने घेतलं आणि मी ऐकण्याचं. ती गेल्याला दोन वर्षं होतील. त्यानंतर माझं दिवसभराचं बोलणं म्हणजे दूधवाल्याला "एक", वाण्याला "पाव" आणि लेकीला "हं". एवढ्या मजकुराला दात लागत नाहीत. हिरडी झिजत गेली, कवळी सैल होत गेली, आणि लांब वाक्य घेतलं की ती उडी मारू लागली. म्हणून मी वाक्यंच आखूड केली होती. हे सगळं लेकीला सांगायचं तर पुन्हा लांब वाक्यं आली.

उपाय तिनेच शोधला. खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी दाबून लावायची. "इम्प्लांट म्हणतात त्याला, बाबा. आता सगळे करतात."

मी हं म्हटलं.

ही बातमी वरच्या मजल्यावर कशी पोचली ते मला माहीत नाही. तिथे एक गृहस्थ राहतात. जन्मभर बँकेच्या शाखा तपासत फिरले. इमारतीत त्यांना सगळे सल्लागार म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि ते त्याला पदवी समजतात. त्यांची बायको नातवाला सांभाळायला मुलाकडे गेली आहे. "चार दिवसांत येईल," असं ते सांगतात. हे चार दिवस बरेच लांबले आहेत, पण तपासनिसाचा हिशेब आपण कशाला तपासायचा.

"जबड्यात स्क्रू म्हणजे एक पथ्य आलं," ते दारातूनच म्हणाले. "विजा चमकत असताना खिडकीशी उभं राहायचं नाही."

"असं डॉक्टर म्हणतात?"

"डॉक्टर कशाला सांगतील? त्यांना गिऱ्हाईक हवं."

तरीही ते माझ्याबरोबर दवाखान्यात आले. पुढेही बहुतेक प्रत्येक वेळी आले. मी एकदाही बोलावलं नाही आणि एकदाही नको म्हटलं नाही.

दातांची डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची, चटपटीत, मला काका म्हणणारी. तिने स्क्रू बसवले ते मला कळलंही नाही. कळलं ते नंतर. हाड स्क्रूला धरेपर्यंत काही महिने मी पातळ, त्याहून पातळ आणि पाणी अशा आहारावर होतो. सल्लागार दररोज संध्याकाळी टॉर्च घेऊन यायचे, माझ्या तोंडात उजेड पाडायचे आणि "प्रगती आहे" असं म्हणून वर जायचे. एखाद्या शाखेत शिरल्यासारखे ते माझ्या तोंडात शिरायचे. मला अपमान वाटायचा. ते यायला उशीर झाला की जास्त वाटायचा.

मग कवळी करायची वेळ आली, आणि डॉक्टरीणबाईने माझ्यापुढे दोन पद्धती मांडल्या. जुन्या पद्धतीत दात मेणात लावून बघायचे, मग ते साच्यात घालायचं, मेण वितळवून काढायचं, त्याच्या जागी गुलाबी प्लास्टिक दाबून भरायचं आणि उकळायचं. नव्या पद्धतीत तोंडाचं चित्र संगणकात घ्यायचं, आणि आधीच घट्ट झालेल्या ठोकळ्यातून यंत्राने कवळी कोरून काढायची.

"दोन्हीही चांगल्या होतात, काका. तुम्ही ठरवा."

मी ठरवण्याच्या आत सल्लागार म्हणाले, "हाताने केलेलं ते हाताने केलेलं. मशीनला यांच्या तोंडाबद्दल काय प्रेम असणार?"

माझ्या तोंडाबद्दल कोणाला प्रेम असावं ही कल्पना मला इतकी नवीन होती, की मी ताबडतोब हाताच्या बाजूने कौल दिला.

मेणातली कवळी सुंदर बसली. उकळून आलेली कवळी पहिल्यांदा स्क्रूवर दाबली तेव्हा टक् असा आवाज झाला, आणि बऱ्याच काळाने आपलं काहीतरी घट्ट आहे असं वाटलं. त्या आनंदात मी घरी जाऊन टोस्ट खायला घेतला. उजवीकडची शेवटची दाढ वरच्या दाढेला जाऊन भिडली, आणि बाकीचे दात अजून वाटेतच होते. जोर लावला तशी कवळीची डावी बाजू उचलली गेली. टोस्ट होता तसाच राहिला. माझं तोंड मात्र दोन मुलांनी सी-सॉ खेळावा तसं वर-खाली झालं.

"होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाली. माझ्या दातांत निळा कागद धरून तिने मला चावायला लावलं. उजवीकडे एक जाडजूड निळा ठिपका उमटला, डावीकडे काहीच नाही. "उकळून थंड होताना प्लास्टिक थोडंसं आकसतं. केसाएवढं. नुसत्या हिरडीवरच्या कवळीत ते लपून जातं, कारण ती सरकते, दबते, सावरून घेते. आता ती दोन बटणांना धरून बसलीय. सावरून घेणार कोण?"

हे तिने कवळीबद्दल विचारलं होतं. मी हं म्हटलं.

तिने उजवी दाढ घासली. मग डावी आधी टेकू लागली. डावी घासली, तर पुढचे दात टेकू लागले. मी आठवड्यातून एकदा जायचो, ती घासायची, सल्लागार शेजारी उभे राहून "थोडं अजून, थोडं अजून" म्हणायचे, जणू ट्रक मागे घेताहेत.

अशाच एका घासणीनंतर मी थेट निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात गेलो. आपण जिवंत आहोत हे तिथे दरवर्षी दाखवून यावं लागतं. पूर्वी एक सही पुरायची. आता खिडकीत कॅमेरा आहे. खिडकीपलीकडच्या बाईंनी मला कॅमेऱ्यात बघायला सांगितलं. मी बघितलं. कॅमेऱ्याने नापसंती दर्शवली.

"जुळत नाही," बाई म्हणाल्या.

"कशाशी?"

"तुमच्याशी. मागच्या वेळचा चेहरा वेगळा आहे. हा लांब दिसतोय. आणि तोंड निळं का आहे?"

मी त्यांना निळ्या कागदाची, उकळण्याची, आकसण्याची सगळी हकिकत सांगितली. मागची रांग पुढे सरकून ऐकू लागली. जन्मभर तक्रारी ऐकलेल्या माणसाला एवढ्या लोकांनी ऐकावं याचं मला आतून बरंच वाटत होतं. बाईंनी मात्र मध्येच विचारलं, "मागचा फोटो काढला तेव्हा दात होते?"

तेव्हा बायकोला जाऊन थोडेच महिने झाले होते. त्या दिवसांत मी कवळी लावत नसे. लावून करायचं काय होतं.

"नव्हते," मी म्हटलं.

"मग काढून बघा."

भर रांगेत तोंडात बोटं घालून मी कवळी उपसली. टक् असा आवाज झाला आणि तो मागेपर्यंत ऐकू गेला असावा, कारण कोणीतरी "बापरे" म्हणालं. गाल आत गेले, हनुवटी वर आली, आणि कॅमेऱ्याने मला क्षणात ओळखलं. हिरवा दिवा लागला. "झालं, आजोबा," बाई म्हणाल्या. दात लावलेला मी त्यांच्यासाठी कोणीच नव्हतो, आणि दात काढलेला मी जिवंत असून आजोबा होतो. काका म्हणवून घ्यायचं माझं वय त्या खिडकीत संपलं. कवळी रुमालात गुंडाळून मी घरी आलो. तक्रार कोणाकडे करायची ते सुचेना.

शेवटी डॉक्टरीणबाईनेच हात टेकले. "काका, घासून घासून हिची उंचीच जाईल. आपण यंत्रावर करू." सल्लागारांनी तोंड वाकडं केलं, पण ते त्यांचं होतं. माझ्या तोंडात एक दांडी फिरवून तिने पडद्यावर माझा जबडा उभा केला. गुलाबी, रिकामा, संथ फिरणारा. आपलं तोंड रिकामं असताना इतकं मोठं असतं याची मला कल्पना नव्हती.

ठोकळ्यातून कोरून आलेली कवळी बसली ती बसलीच. आकसायचं ते प्लास्टिक कोरण्याआधीच आकसून झालेलं असतं, असं तिने समजावलं. निळा कागद धरला तर उजवीकडे जेवढे ठिपके तेवढेच डावीकडे, फिकट आणि सारखे. तिने कौतुकाने फोटो काढला. सल्लागारांनी खिशातून चष्मा काढून ठिपके तपासले आणि नाइलाजाने म्हणाले, "बरोबर आहे."

आणि आठवड्याभरात माझी डावी हिरडी सुजली.

मी परत गेलो. तिने कागद धरला. दोन्ही बाजू सारख्या. मी घरी आलो, जेवलो, डावीकडे ठणका. पुन्हा गेलो. पुन्हा सारख्या. दवाखान्यात माझं तोंड निर्दोष होतं आणि घरी ते गुन्हा करत होतं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही घरी काहीतरी वेगळं करताय. घरच्या कोणालातरी विचारा ना, तुम्ही कुठल्या बाजूने चावता, कसं चावता. आपलं आपल्याला कळत नाही ते. बघणाऱ्याला लगेच कळतं."

मी बरं म्हटलं आणि जिना उतरलो. घरच्या कोणालातरी. हे फारच सोपं काम असल्यासारखं ती म्हणाली होती. तिच्या घरी असेल.

आधी मी आरसा आणला. आरशात बघत जेवायला बसलो तर मी एखाद्या बड्या साहेबांच्या मेजवानीत बसल्यासारखा जेवू लागलो, दोन्ही गालांना समान न्याय देत. त्याचा उपयोग नव्हता. मग फोन बरणीला टेकवून स्वतःचं चित्रण केलं. त्यात माझा सदरा आणि एक बटण उत्तम आलं. घास तोंडाकडे जाताना दिसायचा आणि चौकटीबाहेर नाहीसा व्हायचा. पुढे त्याचं काय झालं ते पुराव्याअभावी कळलं नाही. तरी मी ते चित्रण दोनदा पाहिलं. मागे भांड्यांचा आवाज येत होता तो माझाच होता, पण पहिल्यांदा ऐकताना मी मान वर करून ओट्याकडे बघितलं होतं.

मग सल्लागारांना बोलवावं लागलं. हे पहिलंच आमंत्रण होतं, त्यामुळे ते इस्त्रीचा सदरा घालून आले. आमचं जेवणाचं टेबल एका बाजूने भिंतीला लावलेलं आहे. भिंतीकडे तोंड करून मी, माझ्या डाव्या हाताला लेकीची खुर्ची, उजव्या हाताला बायकोची. सल्लागार उजवीकडच्या खुर्चीवर बसायला निघाले.

"ती नको," मी म्हणालो. "ती डुगडुगते."

त्यांनी खुर्ची हलवून बघितली. ती अजिबात डुगडुगत नव्हती. तपासनीस माणूस, पण डावीकडे जाऊन बसले. मी जेवू लागलो. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे टक लावून बघत होते. इतकं लक्ष देऊन माझं जेवण कोणी बघितल्याला फार दिवस झाले होते, आणि काकडी घशाखाली उतरायला तयार होईना.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मला काही दिसत नाही."

"का?"

"तुम्ही तोंड फिरवून बसलाय. तिकडे काय आहे?"

"काही नाही. सरळच बसलोय मी."

"मग राहिलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता. "नको असेन तर सांगायचं. बोलावलंत म्हणून आलो." आणि माझा घास तोंडात असताना ते उठून वर गेले. दुसऱ्या दिवशी टॉर्च आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

रविवारी लेक पडद्यावर आली. ती पुढच्या महिन्यात यायची होती, ते आता कामामुळे लांबणीवर पडलं होतं. हे ती मला हळूहळू, वळणं घेत सांगत होती. मी म्हटलं, असू दे, आणि विषय बदलायला विचारलं, "मी कुठल्या बाजूने चावतो गं?"

"काय?"

"डॉक्टरीणबाई विचारतेय. तू इतकी वर्षं माझ्याशेजारी बसून जेवलीस. काहीतरी आठवत असेल."

ती खरोखरच आठवू लागली. मग म्हणाली, "बाबा, मला जेवताना फक्त तुमचा कान आठवतो."

"कान?"

"डावा कान. तुम्ही कायम आईकडे तोंड करून बसायचात ना. ती दिवसभराचं सगळं सांगत असायची आणि तुम्ही मान वळवून ऐकत असायचात. मी नको असलेली भाजी तुमच्या ताटात टाकायचे, तुम्हाला कधीच कळलं नाही. सगळा दुधी तुम्ही खाल्लाय, बाबा."

मी दुधी इतका का खातो, हा प्रश्न माझ्या बायकोलाही पडलेला होता. पण त्या क्षणी मला हसू आलं नाही. फोन ठेवल्यावर मी दुपारच्या जेवणाला बसलो आणि पहिला घास घेऊन आहे तसाच थांबलो. हनुवटी उजव्या खांद्याकडे वळलेली होती. समोर भिंत होती आणि मी भिंतीकडे बघत नव्हतो. मी त्या खुर्चीकडे बघत होतो. बरीच वर्षं ऐकायला वळलेली मान ऐकायचं संपल्यावर सरळ व्हायला पाहिजे होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी घास गिळला आणि ताट झाकून ठेवलं.

डॉक्टरीणबाईने मला खुर्चीत बसवून उजवीकडे बघायला लावलं, आणि तसंच चावायला सांगितलं. निळे ठिपके सगळे डावीकडे जमा झाले. "मान वळली की जबडा थोडा सरकतो, काका. आणि घास जातो उलट्या बाजूला. कवळीत दोष नाही. मी सरळ बसवून माप घेतलं, तुम्ही घरी वाकडे बसता. आता तुमच्या मानेच्या मापाने मी वाकडी कवळी करून देणार नाही. उजवीकडे कोण बसतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

तिने निळा कागद घडी करून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग समोर कोणालातरी बसवा. समोर माणूस असला की मान आपोआप सरळ राहते."

मी त्या संध्याकाळी जिना चढून वर गेलो. सल्लागारांनी दार अर्धंच उघडलं.

"मी तुमच्याकडे पाठ केली नव्हती," मी म्हणालो. "मी तिच्या खुर्चीकडे बघत होतो. मला माहीत नव्हतं."

यापुढे मी बरंच बोलणार होतो. कवळी मजबूत होती, लांब वाक्य चाललं असतं. पण त्यांनीच विचारलं, "डॉक्टरीण काय म्हणाली?"

"समोर माणूस बसवा म्हणाली."

"समोर तर भिंत आहे."

"हो."

ते आत गेले, गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि झाकलेलं ताट हातात घेऊन बाहेर आले. माझ्या घरात ते ताट ओट्यावर ठेवून त्यांनी बाह्या सरसावल्या. टेबल जुनं आणि सागवानी. आम्ही दोघांनी ते भिंतीपासून ओढलं तेव्हा माझी कंबर आणि त्यांचा गुडघा एकाच वेळी बोलले. भिंतीवर टेबलाच्या कडेची एक काळपट रेघ उरली. टेबल खोलीच्या मध्ये आलं तसं कपाटाचं दार उघडेना, आणि फ्रिजचं दार उघडलं की खुर्चीला अडकू लागलं. त्यावर सल्लागारांनी तीन उपाय सुचवले. एकही उपयोगाचा नव्हता. शेवटी त्यांनी लेकीची खुर्ची उचलून भिंतीच्या बाजूला माझ्या समोर ठेवली आणि बसले. उजवीकडच्या खुर्चीला त्यांनी हात लावला नाही.

आम्ही जेवू लागलो. सुरुवातीला ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "उजवी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "डावी." मग म्हणाले, "आता दोन्ही." नंतर त्यांनी सांगायचं सोडून दिलं आणि कुठल्याशा शाखेतल्या तिजोरीची गोष्ट सांगू लागले. किल्ली आतच ठेवून मॅनेजरने तिजोरी बंद केली होती आणि ते तपासायला गेले होते. गोष्ट फार लांब होती आणि तिला शेवट नव्हता. मध्ये दोन वेळा माझी मान उजवीकडे गेली. दोन्ही वेळा ते बोलायचे थांबले, वाट बघत राहिले, आणि मी परत समोर बघितलं की जिथे सोडलं होतं तिथून पुढे सांगू लागले.

जेवण झाल्यावर त्यांनी आपलं ताट आपण धुतलं, मी नको म्हणत असताना. दाराशी जाऊन चपला घालताना ते म्हणाले, "उद्या वर या जेवायला."

"येतो की."

ते चपलेत पाय सारत राहिले. चप्पल केव्हाच पायात गेली होती.

"थोडं लवकर या," ते म्हणाले. "आमचंही टेबल भिंतीलाच लावलेलं आहे."